सुलतानचे अपघातविरहित दिवस

सोमवारी सकाळी पुंडलिकराव वाघचौरे यांनी आपल्या फाटकावर एक हिरवी पाटी टांगली. पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'अपघातविरहित दिवस' असं रंगवलेलं होतं आणि शेजारच्या काळ्या चौकोनात त्यांनी खडूनं '३' काढला होता. दोन पावलं मागं जाऊन त्यांनी पाटी सरळ आहे ना ते पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि ते चहा करायला आत गेले. बजाजनगरातली आपली गल्ली आता निर्धास्त होईल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

पाटी जुनी होती. वाळूजच्या एका गिअरच्या कारखान्यात पुंडलिकरावांनी एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काढली होती. निरोपाच्या दिवशी कंपनीनं शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. पुंडलिकरावांनी घड्याळ नम्रपणे परत केलं आणि भंगारात निघालेली ही पाटी मागून घेतली. "लोकांचे नवरे घड्याळ घेऊन येतात," असं म्हणत बायकोनं ती कपाटामागं सरकवली. पुढं दोन वर्षांनी बायको गेली आणि घरात कशाला काय म्हणणारं माणूसच उरलं नाही. मुलगा सुदर्शन, सून प्रेरणा आणि पाच वर्षांची नात श्रेया पुण्याला. फोन रविवारी सकाळी यायचा आणि चार मिनिटांत संपायचा. एकदा सात मिनिटं चालला होता, पण त्यातली तीन मिनिटं सुदर्शन फोन ठेवायला विसरला होता.

सुलतान आला तो आदल्या शुक्रवारी. पुंडलिकरावांचे मामेभाऊ आप्पासाहेब वैजापूरला कांद्याचे व्यापारी. त्यांनी कांद्याच्या चाळीवर राखण म्हणून हा रॉटवायलर आणला होता. काळाकुट्ट रंग, पातेल्याएवढं डोकं आणि बघणाऱ्याचा घसा कोरडा पडावा असा जबडा. चाळीवर चोर दोनदा आले. पहिल्यांदा सुलताननं त्यांचे हात चाटले, दुसऱ्यांदा तो त्यांना टेम्पोपर्यंत पोचवून आला.

"पुंडलिका, तू तिकडं एकटाच ऱ्हातो," आप्पासाहेब फोनवर म्हणाले. "हे येडं घेऊन जा. राखण करायचं नाय, पर सोबत करंल."

सोबत तो खरंच करायचा. पुंडलिकराव वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि सुलतान ऐकायचा. कुकरची शिट्टी झाली की मात्र तो धावत जाऊन खाटेखाली शिरायचा. खाटेखाली त्याचं फक्त डोकं मावायचं, पण तेवढ्यानं त्याचं समाधान व्हायचं.

आता कंपनीत नवं मशीन आलं की कामगार बिचकतात, मग त्यांना आकडे दाखवायचे असतात, हे पुंडलिकरावांना पाठ होतं. म्हणून ही पाटी. शुक्रवारपासून तीन दिवस झाले, एकही अपघात नाही, म्हणून तीन. यात चूक काहीच नव्हती. एवढंच, की गल्लीत सगळे कंपनीवाले होते आणि ही पाटी कशी वाचायची ते त्यांनाही पाठ होतं.

दुपारी पहिली पाळी सुटली. सत्यम नावाचा फिटर मोटरसायकलवरून येता येता पाटीपाशी थांबला, तिथून थेट सोसायटीचे अध्यक्ष बद्रीनाथ यांच्या दारात गेला.

"अध्यक्ष, नानांची पाटी बघितली का?"

"बघितली की. तीन दिवस झाले अपघात नाय."

"तीनच दिवस. म्हंजे त्याच्या आधी झाला ना. आमच्याकडं आकडा कधी तीनवर येतो? कुणाचं तरी बोट गेल्यावर."

बद्रीनाथ विचारात पडले. त्यांच्या मांडीवर लाडू नावाचा पांढराशुभ्र पॉमेरियन होता. त्यानं सवयीनं सत्यमच्या बोटाला चावा घेतला. "खेळतोय तो," बद्रीनाथ सवयीनं म्हणाले. सत्यमनं सवयीनं बोट पॅंटला पुसलं. लाडूनं आजवर दूधवाल्याला, मीटर बघणाऱ्याला आणि शिकवणीच्या निदान चार पोरांना चावून झालं होतं, पण तो दिसायला इतका गोड होता, की गल्लीत त्याला कुणी चावणं म्हणत नव्हतं.

"बरोबर आहे तुझं," अध्यक्ष म्हणाले. "शुक्रवारी चावला म्हणजे. पण कुणाला?"

गल्ली शोधायला लागली. आणि शोधणाऱ्यांना संध्याकाळच्या आत मोहियोद्दीनभाई सापडले.

मोहियोद्दीनभाईंचं कोपऱ्यावर ग्रिल वेल्डिंगचं दुकान होतं. शुक्रवारी गाडीच्या गरम सायलेन्सरला पिंढरी टेकून चटका बसला, म्हणून त्यांनी पायाला पट्टी बांधली होती. दुर्दैवानं पुंडलिकरावांचे मित्र असलेली गल्लीतली ती एकमेव व्यक्ती होती.

"अरे मेरेकू कुत्ता नई काटा रे बाबा," ते येईल त्याला सांगत होते. "सायलेन्सर लग्या."

"समजलं, भाई," येणारा हळूच म्हणायचा. "दोस्ती आहे तुमची. आम्ही नाय कुणाला सांगत."

बायको गौहर यांना चौथ्या शेजारणीनं खरी हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी नवऱ्याशी एक शब्दही न बोलता रिक्षा बोलावली. नवऱ्याच्या आणि गल्लीच्या म्हणण्यात फरक पडला तर गल्लीचं धरायचं, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा शिरस्ता होता. दवाखान्यात मोहियोद्दीनभाईंनी डॉक्टरांनाही सायलेन्सर सांगितला. पण जखम आता आठ प्रकारचे मलम लावून अशी झाली होती, की कुणी काही सांगू शकत नव्हतं. डॉक्टरांनी जोखीम घेतली नाही. भाईंना पहिली सुई बसली.

आता तर पुरावाच झाला. जिथं सुई आहे तिथं कुत्रा असणारच.

बुधवारी गणपतीच्या शेडमध्ये सभा भरली. पुंडलिकरावांना निरोप गेलाच नव्हता. ते आवाज ऐकून आले. बद्रीनाथांनी मोबाईलवर काढून आणलेली माहिती वाचली. रॉटवायलर ही जात मुळातच खुनशी, तिचा जबडा एकदा बसला की सुटत नाही वगैरे.

"अध्यक्ष, जातीनं कुणी चावत नाय," पुंडलिकराव म्हणाले. "कुत्रा आधी सांगतो. तोंड फिरवतो, ओठ चाटतो, जांभया देतो, अंग ताठ करतो. आपण नाय ऐकलं तर मग चावतो. लहान असो नायतर मोठा. फरक एवढाच, की मोठ्याचं आपण ऐकतो आणि लहानाचं—"

"नाना, आकडा तुम्हीच लिहिलाय ना?" सत्यमनं विचारलं.

"व्हय. तीन लिहिला. आज पाच हाय."

"मग शून्य कधी होतं?"

"शुक्रवारी."

पुंडलिकरावांनी आयुष्यात आकड्यात खोट केली नव्हती. शुक्रवारी कुत्रा आला, मोजणी शुक्रवारी सुरू झाली, म्हणून शुक्रवारी शून्य. ते पुढं समजावून सांगत होते, पण तोवर लोक सतरंज्या गोळा करायला लागले होते. एकाही पोरानं वाघचौऱ्यांच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. सतरंजी उचलताना लाडू एका बाईंच्या हाताला चावला. तो खेळत होता.

सभेचा वृत्तांत सोसायटीच्या ग्रुपवर पडला. सुदर्शन अजून त्या ग्रुपमध्ये होता. त्या रविवारचा फोन अकरा मिनिटं चालला, पण पुंडलिकरावांना त्याचा आनंद घेता आला नाही.

"नाना, मे महिन्यात आम्ही श्रेयाला पंधरा दिवस तुमच्याकडं ठेवणार होतो," सुदर्शन म्हणाला. "आता कसं ठेवू? प्रेरणानं त्याचा फोटो बघितला."

"फोटोवरून काय कळतंय? कुणाला चावला नाय तो."

"मोहियोद्दीनचाचांचे तीन डोस झालेत म्हणे."

"दोन झालेत. आणि ते सायलेन्सरचे हायेत."

मग सुदर्शन हळू आवाजात म्हणाला, "नाना, कुत्रा नायतर श्रेया. तुम्हीच ठरवा."

पुंडलिकरावांना वाटलं, आकडा वाढू दे. आकडाच बोलेल. रोज सकाळी सातला ते फडक्यानं चौकोन पुसायचे आणि नवा आकडा घालायचे. बारा झाले, वीस झाले, तीस झाले. पूर्वी सावलीला म्हणून पोरं त्यांच्या पायऱ्यांवर बसायची, भांडायची, पाणी मागायची. आता पायऱ्या एकदम स्वच्छ असायच्या. क्रिकेटचा चेंडू आत पडला तरी कुणी मागायला येत नव्हतं. पुंडलिकरावांनी सगळे चेंडू बादलीत जमा केले आणि प्रत्येकावर सापडल्याची तारीख घातली. सात झाले होते. सुलताननं एकालाही तोंड लावलं नव्हतं. तो बादलीपाशी बसून फाटकाकडं बघायचा आणि पुंडलिकराव खुर्चीत बसून फाटकाकडं बघायचे.

एकतिसाव्या दिवशी खडू हातात घेतला आणि त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. कंपनीत एक लाइन अकरा महिने बंद होती. मॅनेजरनं मोठ्या उत्साहानं तिचे अपघातविरहित दिवस अहवालात घातले होते. पुंडलिकरावांनीच ते खोडले. "साहेब, जिथं माणूसच येत नाय तिथं अपघात कुठून होणार? हा आकडा धरायचा नसतो," असं ते तेव्हा ताडकन बोलले होते. ते आठवून त्यांना फार एकटं वाटलं. तरी एकतीस लिहिले, कारण एकतीस झाले होते.

त्याच दुपारी फाटकाबाहेर मोहियोद्दीनभाईंची नात माहनूर येऊन उभी राहिली. ती आठ वर्षांची होती.

"नाना, हमारा बॉल."

"ये आत."

"आत नक्को बोले घरमें. बाहेर उभं राहू नको असं नाय बोलले."

पुंडलिकरावांना तिनं नियमाचा लावलेला अर्थ आवडला. कंपनीत काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं सुरक्षेच्या सूचना द्यायचा रिवाज होता. त्याशिवाय कुणाला हत्याराला हात लावता येत नसे. त्यांनी सात चेंडूंची बादली फाटकाच्या आत ठेवली आणि माहनूरला सूचना दिल्या. कुत्रा जेवत असला, झोपलेला असला की जवळ जायचं नाही. गळ्याला मिठी मारायची नाही. मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कुत्र्यानं तोंड फिरवलं, ओठ चाटले, जांभई दिली की तो नको म्हणतोय असं समजायचं. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, झाड व्हायचं.

"झाड कैसा होना?"

"असं." सुरक्षा अधिकारी वाघचौरे अंगणात दोन्ही हात अंगाला चिकटवून, नजर जमिनीकडं लावून उभे राहिले. समोरच्या गॅलरीतून सत्यमच्या आईनं ते पाहिलं आणि ग्रुपवर लिहिलं, की नानांची तब्येत आता बघितली पाहिजे.

माहनूर दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन आली, तिसऱ्या दिवशी पाच जणांना. चेंडू तर पहिल्याच दिवशी नेले होते. ती झाड व्हायला यायची. वडीलधारी माणसं कूलर लावून झोपलेली असायची आणि फाटकाबाहेर पाच-सहा झाडं उभी असायची. पंधरा मिनिटांत ती निघून जायची. उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हे पुंडलिकरावांना कळेनासं व्हायचं.

मे उजाडला. चाळिसाव्या दिवशी पुंडलिकरावांनी आप्पासाहेबांना फोन केला. "टेम्पो पाठव," एवढंच ते म्हणाले आणि सुलतानला त्या दिवशी भाकरीवर तूप घातलं. शनिवारी सकाळी टेम्पो सुलतानला नेणार आणि दुपारी सुदर्शन येणार, असं ठरलं. पण मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली, टेम्पो अडकला, आणि शनिवारी दहालाच सुदर्शनची गाडी दारात उभी राहिली.

"नाना, अजून आहेच का तो?" सुदर्शननं गाडीतूनच विचारलं.

"टेम्पो उद्या येतोय. मागच्या खोलीत ठेवलाय. कडी लावलीय."

कडीची गरज नव्हती. आत कुकर लावलेला होता आणि सुलतान खाटेखाली होता.

प्रेरणानं कडी स्वतः तपासली, मग श्रेयाला खाली उतरवलं. गाडीचा आवाज ऐकून शेजारून बद्रीनाथ आले, मागून लाडू आला आणि उघड्या फाटकातून सरळ पायरीवर चढला. पांढरा, मऊ, कानाशी लाल फीत बांधलेला.

"मम्मी, किती क्यूट आहे," श्रेया म्हणाली आणि हात पसरून निघाली.

"थांब, फोटो काढू," प्रेरणा म्हणाली. "मिठी मार त्याला."

"कुत्रा असा पाहिजे, नाना," सुदर्शन म्हणाला.

लाडूनं तोंड फिरवलं. मग ओठ चाटले. मग जांभई दिली. पुंडलिकराव आत पाणी आणायला गेले होते, पण फाटकाबाहेर माहनूर उभी होती. तिनं हे तीनही मोजले.

"ए, मिठी नक्को," ती शांतपणे म्हणाली. "झाड हो. मेरे जैसी."

समोर एक मुलगी एकदम खांबासारखी उभी राहिलेली पाहून श्रेयाला तो खेळ वाटला. तिनं हात अंगाला चिकटवले आणि नजर खाली केली. लाडू तिच्या पायांशी दोनदा फिरला, वास घेतला आणि बाजूला झाला. फोटो बिघडला म्हणून सुदर्शन पुढं झाला. "अगं, घाबरतेस काय? हे बघ," असं म्हणून त्यानं लाडूला बगलेत धरून उचललं आणि तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं. लाडू आता सांगून दमला होता. त्यानं सुदर्शनच्या मनगटात दात घातले.

"खेळतोय तो," बद्रीनाथ म्हणाले. सुदर्शनच्या मनगटावरून रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आला, तेव्हा ते जरा थांबून पुन्हा म्हणाले, "रोज खेळतो."

पुंडलिकराव पाणी घेऊन बाहेर आले आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांच्या अंगात पूर्वीचा माणूस शिरला. त्यांनी सुदर्शनला नळाखाली नेलं, साबण लावला आणि मनगटी घड्याळात बघत पंधरा मिनिटं धार सोडली. हळद लावू दिली नाही, चुना लावू दिला नाही. बद्रीनाथांना लाडूचं लसीकरण विचारलं, दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायला सांगितलं.

"मारू नका त्याला," ते म्हणाले. "त्याचा दोष नाय. सगळे येता-जाता उचलतात, तो नको म्हणतोय, कुणी ऐकंना. एवढंसं हाय म्हणून."

मग ते फाटकाशी गेले, त्रेचाळीस पुसले आणि चौकोनात शून्य काढलं.

"नाना, तुमचा कुत्रा आत होता," ओला हात वर धरून सुदर्शन म्हणाला. "मग तुमचा आकडा कशाला पुसता?"

"जागा माझी," पुंडलिकराव म्हणाले. "माझ्या जागेत झालं की माझ्या पाटीवर येतं." आणि शून्याखाली त्यांनी बारीक अक्षरांत 'कारण: पॉमेरियन' असं लिहिलं.

बारीक अक्षरं कंपनीतही कुणी वाचत नसे. तासाभरात ग्रुपवर बातमी होती, की वाघचौऱ्यांचा राक्षस शेवटी पोटच्या पोरावर उलटला. अध्यक्षांनी सुदर्शनची प्रकृती लवकर सुधारो अशी इच्छा व्यक्त केली. आपले पाच डोस पूर्ण केलेले मोहियोद्दीनभाई दवाखान्यापर्यंत सोबत आले. सुदर्शन वाटेत भेटेल त्याला सांगत होता, की मला मोठा कुत्रा चावलाच नाही.

"नक्को बोलू बेटा," भाई म्हणाले. "कुछ फायदा नई. मैं सव्वा महिना बोल्या."

परत आल्यावर सुदर्शन पायरीवर बसला. मागच्या खोलीतून खाटेखालचं डोकं हळूच बाहेर निघालेलं दारातून दिसत होतं. प्रेरणानं स्वतःच कडी काढली होती. सुलतान अंगणापर्यंत आला, लांब बसला आणि त्यानं श्रेयाकडं न बघता जमिनीवर हनुवटी टेकली. श्रेया आजोबांना विचारून, मूठ पुढं करून, दोन पावलं जवळ गेली. पुंडलिकराव तिच्या शेजारीच उभे होते. सुदर्शननं फोन काढला.

"आप्पाकाका, टेम्पोत कांदेच भरा. कुत्रा राहू द्या इथंच," तो म्हणाला.

प्रेरणानं दवाखान्याचा कागद वाचला. पुढचा डोस तिसऱ्या दिवशी होता, त्याच्या पुढचा सातव्या. "एवढ्या उन्हात आता कशाला ये-जा करायची," ती म्हणाली. "सातव्या दिवसापर्यंत राहू या. तुझं काम इथून होईल." पुंडलिकरावांनी आयुष्यभर अपघात टाळण्याचाच पगार घेतला होता. आपल्याला या अपघाताचा आनंद झालाय, हे लक्षात आल्यावर त्यांना लाज वाटली, आणि ती लपवायला ते सुलतानची भाकरी करायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी श्रेयाला कडेवर घेऊन पाटीपुढं धरलं आणि तिच्या हातात खडू दिला. शून्य पुसून तिनं चौकोनाबाहेर जाईल एवढा एक काढला. फाटकाबाहेर माहनूर आणि तिची झाडं आज सकाळीच येऊन उभी होती. पुंडलिकरावांनी फाटक सताड उघडलं.

"आजोबा, कितीपर्यंत लिहायचं?" श्रेयानं विचारलं.

पाचवा डोस कोणत्या दिवशी असतो ते पुंडलिकरावांना मोहियोद्दीनभाईंमुळं पाठ झालं होतं.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "अठ्ठावीसपर्यंत तरी."

"नाना," आतून सुदर्शनचा आवाज आला, "पुढचे डोस पुण्यालाही मिळतात."

"कूलरच्या आवाजात काय ऐकू येईना बघ," पुंडलिकराव म्हणाले आणि खडू खिशात ठेवला.

कूलर बंद होता.